मढवींची गाडी

ऐरोलीच्या अभय खिल्लारेने जुनी पोर्शे घ्यायची ठरवली, आणि तीही दोन सीटांची, हे कळल्यावर परभणीहून त्याच्या बहिणीने, संघमित्राने, फोन केला. म्हणाली, "घरात चार खुर्च्या आहेत, तीन रिकाम्या असतात. गाडीत एकच रिकामी राहील. तेवढीच सुधारणा."

बहिणीला असं बोलायचा अधिकार असतो. बाकीचे त्याच्या मागे बोलले. सोसायटीत म्हणाले, पन्नाशी जवळ आली की पुरुषांना असं होतं. ऑफिसात म्हणाले, एकटा जीव सदाशिव, त्याला काय, उद्या विमान घेईल. ही म्हण काढणारा माणूस हमखास बायकापोरांत राहणारा असतो. खुद्द सदाशिवाला कोणी विचारत नाही. अभयचं ऑफिस तरी काय, घरातल्या टेबलावरचा स्क्रीन. आई होती तोवर त्या घरात दोन माणसांचा स्वयंपाक होता आणि दोन माणसांची भांडणं होती. ती जाऊन दोन वर्षं होत आली होती. त्याचं लग्न आधी बहिणीच्या लग्नासाठी थांबलं, मग फ्लॅटसाठी, मग आईच्या आजारपणासाठी, आणि पुढे कोणी विचारायचंही थांबलं. पैसे मात्र साठत गेले, कारण खर्च करायलासुद्धा घरात माणसं लागतात.

आणि पोर्शेच का, तर त्यालाही कारण होतं. आई गेल्यावर घरात कोणीतरी बोलत असावं म्हणून तो गाड्यांचे व्हिडिओ लावून ठेवायचा. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना कोणीतरी इंजिनाबद्दल, गिअरबॉक्सबद्दल बोलत असायचं. इतके दिवस कानावर पडल्यावर कोणालाही विषय येतो. त्याला आला, आणि मग हौसही आली.

गाडी होती तळवलीच्या नामदेव मढवींची. नामदेव बांधकामांना खडी-रेती पुरवायचे. गावठाणातल्या अरुंद गल्लीच्या टोकाला त्यांचं तीन मजली घर, पुढे अंगण, आणि अंगणात वाळत घातलेल्या सुकटीपासून चार हात लांब, ताडपत्रीच्या सावलीला, ती उभी होती. गर्द निळी, बुटकी, छप्पर उघडणारी बॉक्स्टर. अभयने तिच्याकडे पाहिलं आणि भाव पाडून मागायचे सगळे व्हिडिओ विसरून गेला.

"विकताय का पण?" त्याने विचारलं.

"कंबर, साहेब," नामदेव म्हणाले. "मनक्याची गादी सरकली. बसायला बसतो, पन उठवायला दोन मानसं लागतात. डॉक्टर म्हनतो उंच गारी घ्या. आता मना सांगा, वरातीत मानूस गारीतून उतरतोय का त्याला बाहेर काढतायत, हे लोकांनी बघायचं का?"

अभयने पिशवीतून रंगाची जाडी मोजायचं यंत्र काढलं. दारं, बॉनेट, मागचा पत्रा, सगळीकडे ते टेकवून आकडे बघितले. टायरांवरच्या तारखा वाचल्या. मग वर्तमानपत्र पसरून चक्क आडवा झाला आणि टॉर्च लावून गाडीचं पोट बघू लागला. गावातल्या गतिरोधकांनी तिथे बऱ्याच सह्या करून ठेवल्या होत्या.

ओट्यावर नामदेवांची आई, वेणूबाई, बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, पण आवाज खणखणीत. त्या गावच्या धवलारीण. लग्नात धवले गायचे, कुठला विधी कधी हे सांगायचं, मांडवाच्या पहिल्या खांबापासून नवरीच्या पाठवणीपर्यंत सगळं त्यांच्या तोंडून. भटजी आले तरी तेही त्यांच्याकडे बघून पुढचं करायचे, असं गावात म्हणत.

"गारी बघाया आयलास का पोरगी?" वेणूबाई म्हणाल्या. "आमच्यात पोरगीपन इतकी बघत नाय."

अभय गाडीखालून म्हणाला, "पोरगी कधी बघितली नाही आजी, म्हणून गाडीलाच बघून घेतोय."

म्हातारी मोकळेपणी हसली. नामदेवही हसले आणि मग कंबर धरून कळवळले. व्यवहार तिथेच झाला म्हणायला हरकत नाही. फक्त शेवटी नामदेवांनी एक अट घातली.

"गारी तुमची झाली. पन आमच्या भावकीत तीन लग्नं ठरलेली हायत, आनि मी पोरांना शब्द दिलाय की नवरदेव ह्याच गारीतून येनार. तेवढा माझा शब्द राखा."

अभयने हो म्हटलं. जुनी गाडी घेणारा माणूस त्या घटकेला कशालाही हो म्हणतो.

कागद बदलून आल्यावर तो गाडी न्यायला गेला, तेव्हा नामदेवांची बायको शर्मिला ताट घेऊन उभी होती आणि मुलगी मंजुषा डोळे पुसत होती. ह्याच गाडीवर ती गाडी चालवायला शिकली होती. वेणूबाईंनी नारळ पुढे केला. अभय जरा अवघडला. म्हणाला, "आजी, आमच्यात नारळ फोडत नाहीत. आम्ही बौद्ध."

"मग काय करतां?"

"उभं राहून वंदना म्हणतो."

"मग म्हन की."

त्या अंगणात, सुकटीच्या वासात, अभयने हात जोडून त्रिशरण म्हटलं. आई गेल्यापासून त्याने ते मोठ्याने म्हटलं नव्हतं. पण त्याने ते पुरं केलं. वेणूबाई तोवर हात जोडून उभ्या होत्या. मग त्यांनी ताटातली हळद बोटावर घेतली. "हलद तरी चालते ना?" त्याने मान हलवली. त्यांनी बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर, दिव्याच्या वर, बोट ओढलं. "लेक दिल्यासारखी दिली," त्या म्हणाल्या. "नीट नांदव."

पहिले काही आठवडे अभयने गाडी एकट्यानेच फिरवली. पहाटे पाम बीच रोडला जायचं, छप्पर उघडायचं, आणि जायचं. गाडी अप्रतिम होती. पण वेगाची एक अडचण त्याच्या लक्षात आली. जितकं लवकर जावं तितकं लवकर परत यावं लागतं, आणि परत यायचं ते त्याच फ्लॅटवर, जिथे कुलूप आपणच लावलेलं असतं आणि आपणच उघडायचं असतं. शेजारच्या सीटवर तो लॅपटॉपची बॅग ठेवायचा. बॅगेच्या वजनाने गाडीला वाटायचं माणूस बसलंय, आणि ती पट्टा लावा म्हणून किणकिणत राहायची. शेवटी त्याने बॅगेला पट्टा लावायला सुरुवात केली.

मग नामदेवांचा फोन आला. पुतण्या अंकुशचं लग्न. कुठे यायचं, किती वाजता यायचं, फुलं कोण लावणार, सगळं त्यांनी सांगितलं. गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची अभयची तयारी नव्हती, म्हणून तो स्वतःच गेला. ताशी अडीचशेच्या पुढे धावणारी ती गाडी बँडच्या मागून माणसाच्या चालीने निघाली. इंजिन तापून पंखा जोरात फिरायला लागला. पोरं पुढे नाचत होती, बायका वरून फुलं टाकत होत्या, आणि शेजारच्या सीटवर बॅगेऐवजी मुंडावळ्या बांधलेला, घामाघूम झालेला अंकुश.

"साहेब," अंकुश हळूच म्हणाला, "माझे हात गार पडलेत. असं व्हतंय का सगल्यांचं?"

"मला अनुभव नाही," अभय म्हणाला. "पण एसी वाढवला होता मघाशी. कमी करतो."

अंकुश इतका हसला की मुंडावळ्या सरकल्या. वरात पोहोचल्यावर अभयला टॉवेल-टोपीचा मान मिळाला, पंगतीत बसवलं, शर्मिलाने आग्रह करून वाढलं. तो घरी गेला तेव्हा त्याच्या शर्टावर हळदीचे डाग होते. ते धुवायच्या आधी त्याने शर्ट दोन दिवस खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवला.

दुसऱ्या लग्नापर्यंत तो सरावला. त्याने दोन झब्बे घेतले. तीन लग्नांची अट होती, पण तळवलीच्या त्या गल्लीत एकेका घराला इतके भाऊ की लग्नं काही संपेनात, आणि अभयनेही मोजायचं सोडलं. नामदेव त्याला आता साहेब म्हणत नव्हते, अरे-तुरे करत होते. "अभय, तू मागच्या गल्लीतून आन, पुढं खड्डा हाय." त्या एका 'तू'साठी अभयने खड्ड्यातूनसुद्धा आणली असती.

लग्न नसेल तेव्हाही तो कधी रविवारी ओट्यावर जाऊन बसायचा. वेणूबाई त्याला धवले म्हणून दाखवायच्या, रीती सांगायच्या. एकदा त्या अक्षता निवडत होत्या. म्हणाल्या, "आपल्या मानसाला घरी जाऊन बोलवायचं. हलद लावायची, अक्षता द्यायची. फोन करायचा तो मांडववाल्याला." शर्मिला तिथेच भाजी निवडत होती. मंजुषाचं लग्न त्याच सुमारास ठरलं होतं, आणि शर्मिलाचा एकुलता भाऊ मागे साथीत गेला होता. ती म्हणाली, "माझ्या मंजूला मामा नाय. मांडवात तिला आननार कोन?" त्यावर वेणूबाई अभयकडे बघत नुसत्या म्हणाल्या, "बघू." अभयला वाटलं, त्या अक्षतांतल्या खड्याबद्दल बोलतायत.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका लग्नात पंगतीला अभयच्या मागे दोन माणसं बोलत होती. एक दिवा गावाहून आलेला पाहुणा होता, दुसरा अंकुश.

"हे कोन?" पाहुण्याने विचारलं.

"कोनी नाय," अंकुश म्हणाला. "गारी ह्यांची."

अंकुशच्या मनात काही वाईट नव्हतं. विचारलं ते त्याने सांगितलं आणि जिलबी मागवली. पण अभयचा घास तिथेच राहिला. घरी जाताना त्याला वेणूबाईंचं ते वाक्य आठवलं, फोन करायचा तो मांडववाल्याला. आणि त्याने मनातल्या मनात आठवून पाहिलं. अंकुशच्या लग्नाला, त्यानंतरच्या लग्नाला, त्याच्या पुढच्या लग्नाला, दर वेळी फोन. कुठे यायचं, किती वाजता, फुलं कोण लावणार. हळद-अक्षता घेऊन त्याच्या दारात कोणी कधी आलं नव्हतं. मांडव, बँड, केटरर आणि गाडी.

इथे शहाण्या माणसाने काय करावं? नामदेवांना जाऊन सरळ विचारावं, किंवा काहीच विचारू नये आणि जिलबी खावी. अभयने तिसरंच केलं. तो संगणकातला माणूस. काही बिघडलं असं वाटलं की एक भाग काढून ठेवायचा आणि बाकीचं चालतं का ते बघायचं, ही त्याची कामाची रीत. ती त्याने माणसांना लावली.

मंजुषाच्या लग्नाच्या दहा-बारा दिवस आधी नामदेवांचा फोन आला. "अभय, मंजू म्हनतेय, पप्पांच्या गारीतूनच मांडवात जानार. तू सकाली लवकर ये. फुलं..."

"नामदेवराव," अभय म्हणाला, "गाडी गॅरेजला आहे. पार्ट बाहेरून यायचाय. त्या तारखेपर्यंत काही होत नाही."

अभय कान देऊन बसला. त्याला एकच वाक्य हवं होतं. गाडी नसू दे, तू ये.

"बरं," नामदेव म्हणाले. "बरं, बगतो मी काहीतरी." आणि फोन ठेवला.

लेकीच्या लग्नाची गाडी ऐनवेळी गेली म्हटल्यावर कुठल्याही बापाच्या डोक्यात आधी दुसरी गाडी येते, हे अभयच्या ध्यानात आलं नाही. मंजुषाला काय वाटेल, हेही नाही. त्याने गाडीवर कव्हर घातलं आणि फोनची वाट बघायला लागला. आता गाडी गॅरेजला आहे म्हटल्यावर ती बाहेरही काढता येईना; तळवलीचं कोणीतरी रस्त्यात दिसायचं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तसा तो पोर्शेचा मालक आठवडाभर बसने हिंडला.

फोन आला नाही. सोमवार गेला, बुधवार गेला. रोज संध्याकाळी त्याला वाटायचं, आज करतील. मग वाटायचं, कशाला करतील, मांडववाला नाही म्हणाला तर दुसरा मांडववाला बघतात. त्याला इतकं एकटं आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान कोणाची आठवण काढायची हे ठाऊक होतं.

रविवारी त्याला घरात बसवेना. आपण वाट बघतोय हे भिंतींना कळलंय असं वाटायला लागलं. सकाळीच तो बसने वाशीला गेला, मिनी सी-शोरच्या तळ्याभोवती चालला, कट्ट्यावर बसला. आजूबाजूला माणसं आपापली पोरं, आपापली म्हातारी, आपापली कुत्री घेऊन आली होती. फोन त्याने हातातच धरला होता. एकदा वाजला, तर बँकवाले. दुपारी एका हॉटेलात थाळी खाल्ली. वाढप्याने समोरची खुर्ची दुसऱ्या टेबलासाठी उचलून नेली, त्याला न विचारता. ऊन उतरल्यावर तो परत आला.

गेटवर वॉचमन सिताराम उठून उभा राहिला. "साहेब, तुमच्याकडे पाव्हणे आले होते."

"माझ्याकडे?"

"एक म्हातारी आजी आणि एक बाई. रिक्षाने. आजींनी विचारलं, मंजूचा मामा कुठल्या माळ्यावर राहतो. मी म्हटलं, आजी, इथे कोणी मामा नाही, बिल्डिंग चुकली तुमची. मग बाई म्हणाली, खिल्लारे. तर मी म्हटलं, असं सांगा ना."

सिताराम सांगत राहिला. सांगायला त्यालाही कोणी हवंच होतं.

"तुमचं दार वाजवलं, कोणी नाही. मी म्हटलं, फोन लावू का. तर आजी म्हणाल्या, आमंत्रणाला फोन करत नाय. मग बसल्या इथेच, माझ्या खुर्चीवर. पुष्कळ वेळ बसल्या. पिशवीतून फेटा काढून मांडीवर ठेवला होता, घडी मोडू नये म्हणून. गुलाबी. मला म्हणाल्या, गारी बिघडली पोराची, तो कष्टी असंल, म्हनून मीच आयली. मी म्हटलं, कुठे बिघडली, ती काय तिकडे उभी आहे. आठवडा झाला, जागची हलली नाही."

"तू असं सांगितलंस?"

"आहे ते सांगितलं, साहेब. काय झालं?"

"काही नाही. मग?"

"मग आजी उठल्या. पार्किंगमध्ये गेल्या. मला म्हणाल्या, कव्हर उचल. उचललं. त्यांनी हळद लावली गाडीला, तांदूळ टाकले. म्हणाल्या, मानूस भेटत नाय, तर गारीला सांगून जाते. मग फेटा पिशवीत घातला आणि गेल्या."

अभय पार्किंगमध्ये गेला. कव्हर सितारामने अर्धवटच ओढलेलं होतं. बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर, दिव्याच्या वर, त्याच जागी हळदीचं एक बोट होतं. काचेच्या खालच्या फटीत पिवळे तांदूळ अडकले होते. गाडी नाही असं समजून त्या आल्या होत्या. गाडी नाही, पार्ट येणार नाही, तरी आल्या होत्या, आणि त्याच्यासाठी आल्या होत्या. त्याला जे हवं होतं ते त्याच्या दारात येऊन बसलं होतं, आणि तो तेव्हा वाशीला तळ्याभोवती फिरत होता. तो तिथेच, दोन गाड्यांच्या मधे, सिमेंटच्या ठोकळ्यावर बसला आणि रडला. रडताना कोणी बघू नये याची काळजी त्याला घ्यावी लागली नाही.

मग त्याने फोन लावला. वरातीमागून घोडं नेण्यात अर्थ नाही हे कळत होतं, तरी लावला.

"नामदेवराव, गाडी... ती आजच आली. सकाळी."

"हो, आई म्हनाली," नामदेव म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर अभयने पाय धरले असते. "बरं झालं, गारी बरी झाली. चांगलं झालं."

"मग मी घेऊन येतो. मंजूला..."

"आता राहू द्या. मंजूला दुसरी सांगितली हाय, पैसे पन देऊन झाले. तुमी तरास घेऊ नका, साहेब."

साहेब, आणि तुमी. अभयने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि आजी आल्या होत्या ते... मामाचं..."

"ते व्हय. ते मंजूच्या आईच्या लांबच्या चुलतभावाला उभा करतोय. भावकीत दोनचार जनं कुरकुरतच होते. आमच्या आईनं आईकलं नव्हतं कुनाचं, भांडली सगल्यांशी. आता ती पन गप झाली. सगल्यांना बरं पडलं." थोडं थांबून नामदेव म्हणाले, "गारी नको. तुमी जेवायला मातर नक्की या."

गाडी नको, तुम्ही या. शब्द जवळपास तेच होते. आठवडाभर त्याने ह्याच शब्दांची वाट बघितली होती.

लग्नाला तो रिक्षाने गेला. झब्बा घातला, आहेर घेतला. मढवींच्या अंगणातल्या मांडवाच्या दारात एका मुलीने त्याला गुलाबपाणी शिंपडून आत जायला सांगितलं. ती त्याला ओळखत नव्हती. अंकुश भेटला, "साहेब, गारी कुठंय?" म्हणाला, आणि उत्तर न ऐकता कोणाच्या तरी हाकेला पळाला. मंजुषा पार्लरमधून तयार होऊन भाड्याच्या एका लांबलचक पांढऱ्या गाडीतून आली. तिने उतरताना एकदा अंगणाच्या त्या ताडपत्रीच्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथे आता पाण्याची पिंपं ठेवली होती.

वेणूबाई मांडवात खांबाजवळ बसून गात होत्या. धवला संपला तेव्हा अभय पुढे जाऊन त्यांच्या पाया पडला. त्यांनी ओळखलं. डोक्यावर हात ठेवला.

"मी आयली होती," त्या म्हणाल्या.

"कळलं, आजी."

"घरात नव्हतास."

"नव्हतो."

त्यांनी त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. त्याला वाटलं, आता विचारतील, खोटं का बोललास. ते विचारलं असतं तर त्याने सगळं सांगून टाकलं असतं, अंकुशचं बोलणं, फोनचं, तळ्याचं, सगळं. पण पुढच्या धवल्याची वेळ झाली होती आणि बायका थांबल्या होत्या.

"जेवून जा," वेणूबाई म्हणाल्या, आणि गायला लागल्या.

मामा मुलीला घेऊन आला. गुलाबी फेटा त्याला थोडा सैल होत होता, तो सारखा हाताने मागे सारत होता. अंतरपाट धरला गेला. अभय मागच्या ओळीत, पंख्याखालच्या खुर्चीवर बसला होता. हातातल्या अक्षता त्याने सगळ्यांबरोबर टाकल्या. त्या बोहल्यापर्यंत पोहोचल्या नाहीत, पुढच्या ओळीतल्या माणसांच्या डोक्यांवर पडल्या.

पंगतीत त्याच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, नवऱ्या मुलाकडचे. बोलके होते. मिठापासून सुरुवात करून त्यांनी सगळ्याची तारीफ केली, मग अभयकडे वळले.

"तुम्ही कुणाकडचे? मुलीकडचे का?"

"मुलीकडचा," अभय म्हणाला.

"अरे वा. कोण लागता मुलीचे?"

समोरून गुलाबी फेटा आग्रह करत पंगतीतून येत होता. अभयने ताटातली जिलबी एका बाजूला केली.

"कोणी नाही," तो म्हणाला. "त्यांची गाडी माझ्याकडे आहे."